अकराची मॉक ड्रिल

रेल्वेने अमोनिया पाठवताना तीन वर्षांत एकदाही गळती झाली नाही, म्हणून आमच्या कारखान्याला पुरस्कार मिळाला. गळती झाली नाही असं मीच सही करून लिहून दिलं होतं. मी आभा, पनवेलजवळच्या या कारखान्याची सेफ्टी ऑफिसर. हुद्द्यात सेफ्टी आहे, तेवढीच.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी अकरा वाजता मॉक ड्रिल ठरली होती. गळती झाली असं समजून भोंगा वाजवायचा, माणसं मैदानात जमवायची, हजेरी घ्यायची आणि परत कामाला लागायचं. पण अकराला वीस मिनिटं कमी असताना साइडिंगवर, म्हणजे कारखान्यातल्या रेल्वे रुळांवर, भरत असलेल्या वॅगनच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग खरंच फाटलं आणि भोंगा खरंच वाजला. लोकांना वाटलं, यंदा ड्रिल लवकर उरकतायत. हातात चहाचे कप घेऊन सगळे गप्पा मारत बाहेर आले. एकाने तर मोबाइलवर शूटिंगही केलं.

व्हॉल्व्हपाशी दयाराम होता. न्हावा गावचा कोळी, बावीस वर्षं वॅगन भरतोय, अजून कंत्राटावरच. मास्क माझ्या ऑफिसात कुलपात होते, ड्रिलच्या वेळी कोरे करकरीत दिसावेत म्हणून. ती अक्कल माझीच. दयारामने पंचा ओला करून तोंडाला बांधला, पांढऱ्या वाफेत शिरला आणि चार मिनिटांनी व्हॉल्व्ह बंद करून रांगत बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काय ॲक्टिंग करतोस रे!" असंही कोणीतरी ओरडलं.

संध्याकाळी प्लांट हेड उदयसिंह साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ड्रिल तर झालीच ना, मॅडम? मग ड्रिल म्हणूनच लिहा. गळती लिहिलीत तर चौकशी लागेल, साइडिंग बंद होईल, साठ जण घरी बसतील. त्यात दयारामही आलाच. त्याचं भलं बघा."

कोणाचं भलं बघा म्हटलं की मला लगेच पटतं. हा माझा जुना रोग. मी लिहिलं.

गणपती झाल्यावर दयारामची बायको मैना गेटवर आली. मार्केटात मासळी विकून तशीच आलेली, रिकामी पाटी काखेत.

"बाई, त्यांना दोन पावलं चालली तरी धाप लागते. वास तर येतच नाय. परवा कुजलेली कोलंबी नाकाखाली धरली, तरी कळली नाय. कोळ्याला कोलंबी कळत नाय, सांगा!" तिने काखेतली पाटी खाली ठेवली. "डॉक्टर बोलतो, कंचा गॅस लागला, किती वेळ लागला, ते कंपनीकडनं लिवून आणा. तवाच पुढचा इलाज. तुमी तेवढं लिवून द्या."

मी "देते" म्हणाले आणि साहेबांकडे गेले.

"ड्रिलमध्ये गॅस लागत नाही, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "हा कागद दिलात तर आधीचा खोटा ठरेल. त्यावर सही कोणाची आहे?"

बाहेर येऊन मी मैनाला सांगितलं, पुरस्काराचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग नक्की देते. आजचं मरण उद्यावर ढकललं, दुसरं काय. तिने मात्र माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्याची मला लाज वाटली.

कार्यक्रम पनवेलच्या एका हॉटेलात होता. धोकादायक रसायनं रेल्वेने नीट पोहोचवणाऱ्या पाच कंपन्यांचा सत्कार. कामगारांचा प्रतिनिधी म्हणून दयारामला नवा शर्ट घालून स्टेजवर बसवलं होतं. मैना माझ्या शेजारी होती. परीक्षकांनी पडद्यावर आमच्या ड्रिलचा व्हिडिओ लावला. वाफेतून रांगत येणारा दयाराम, मागे टाळ्या.

"इतकी हुबेहूब ड्रिल आम्ही कुठेच पाहिली नाही," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्या कंपन्यांनी यांच्याकडून शिकावं." मग कौतुकाने त्यांनी दयारामपुढे माईक धरला. "काय हो, त्या धुरात भीती नाही वाटली?"

दयाराम उठला. तेवढ्यानेच त्याला धाप लागली. त्याने मैनाकडे पाहिलं, उदयसिंहांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सांग बाबा, सांगून टाक, असं मी मनात म्हणत होते. त्याने सांगितलं असतं तर मला सांगावं लागलं नसतं.

"भीती कशाची, साहेब?" तो थांबत थांबत म्हणाला. "खोटंच व्हतं सगलं. गॅस नव्हताच."

हॉल हसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मैना माझ्या कानाशी वाकली.

"बाई, आता तुमी लिवून दिलंत, तरी डॉक्टर मानंल का?"

तेवढ्यात स्टेजवरून आमच्या कंपनीचं नाव पुकारलं. ट्रॉफी सेफ्टी ऑफिसरनेच घ्यायची असं ठरलं होतं. मी पदर सारखा केला आणि उठले.