निळं दार

आमच्या गावात दाराचा रंग कुणी हौसेनं निवडत नाही. होडी रंगवून डब्यात उरेल, तो दाराला. आमची होडी निळी, म्हणून दारही निळं. आणि बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खडक, म्हणून आमचे हे धक्क्याचं टोक आणि आपलं निळं दार एका रेषेत धरूनच होडी आत आणतात.

एवढंच नव्या सुनेला सांगायचं राहून गेलं. ती शेतांच्या मुलखातली. त्या दिवशी मी बाजारातून परतले, तर दार पिवळंधमक.

"माझ्या आईकडे असंच आहे," ती म्हणाली. कोपरापर्यंत रंग आणि चेहरा इतका खुललेला मी लग्नानंतर प्रथमच पाहिला.

बाप-लेक दोघेही समुद्रावर, वारा चढलेला, दिवस कलत आलेला. माझ्या तोंडाचा पट्टा गावाला ठाऊक आहे, पण त्या चेहऱ्यापुढे तो सुटेना.

"तुझी निळी चादर आण. निळं दार दिसलं नाही, तर ते खडकावर जातील."

ती पांढरीफटक पडली आणि धावली. दोघींनी चादर दारावर ताणून धरली. वारा ती हिसकावत होता.

"आई, दिसेल ना त्यांना?"

"दिसेल. तू फक्त नाक पुसायला हात सोडू नकोस."

होडी बाहेर बराच वेळ घुटमळली. मग वळली आणि सरळ आत आली. मी रडले, उगाच कशाला लपवू?

घरी आल्यावर ह्यांनी दाराला बोट लावलं. रंग ओलाच होता. "तरीच म्हटलं, आज आपलं दार हलतंय कसं."

"बाबा, उद्या निळं करते. माझ्या आईकडे असं होतं, म्हणून..." सून म्हणाली.

हे बोटाकडे बघत राहिले. "राहू दे. मला काय, नवी खूण बसेल डोळ्यांत."

दाराला निळा शोभत नाही, हे मी जन्मभर सांगत आले, तेव्हा कुणाला ऐकू आलं नव्हतं.

सकाळी मासेमारीला न जाता हे रिकामी होडी घेऊन बंदराच्या तोंडातून आत-बाहेर करत बसले. पुन्हा पुन्हा. सून दारात उभी राहून डोळे पुसत बघत होती.

"बाजूला हो गं," मी म्हटलं. "दार दिसू दे त्यांना."