बिनसिमचा फोन आणि एकशे बारा

मी सिमकार्ड नसलेला फोन बोलतोय. हसू नका. सिम काढलं की फोन मुका होतो असं मलाही वाटायचं. पण माझ्या अंगातली एक वाट कायम उघडी असते, हे मला एका लहान मुलीच्या बोटामुळे कळलं. त्या वाटेच्या पलीकडे काय असतं, तेही मी एका दुपारी पाहिलं.

कुठल्याशा कारखान्यात, हातमोजे घातलेल्या हातांत माझा जन्म झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी खरी आठवण सुरू होते ती कासारवाडीतल्या एका मोबाईलच्या दुकानापासून. समाधाननं मला तिथून घेतलं. तो मूळचा परभणीकडचा, चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला. घरी बायको स्वप्नाली आणि दुसरीतली मुलगी करिष्मा. पुनावळ्यात, मारुतीच्या देवळामागे, चिमाबाई नावाच्या म्हाताऱ्या घरमालकिणीच्या खोल्या आहेत. त्यातल्या शेवटच्या खोलीत हे कुटुंब राहतं.

समाधानच्या खिशात मी सुखात होतो. ऑइलचा वास, कंपनीचा भोंगा, बसमधल्या डुलक्या, सगळं त्याच्याबरोबर अनुभवलं. माणसांची एक गंमत मला तेव्हाच कळली. गावाकडून आईचा फोन आला, की समाधान उपाशी असला तरी "जेवलो, बरा हाय" म्हणायचा. आणि ती माउली बहुधा ते ओळखून असायची, कारण ती लगेच दुसऱ्यांदा विचारायची.

मग एकदा मी कंपनीत, मशीनजवळच्या फरशीवर आपटलो. काच तडकली, बॅटरी टिकेना. नवा फोन आला. समाधाननं टाचणीनं माझं सिम बाहेर काढलं आणि मला करिष्माच्या हातात दिलं. "घे, खेळ. आता याच्यात काही न्हाई."

त्याला तसं खरंच वाटत होतं.

करिष्मा शाळेतून यायची तेव्हा घरात कुणी नसायचं. स्वप्नाली एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायची, ती संध्याकाळी यायची. चिमाबाईंनी कुलूप उघडून दिलं, की पोर आत जायची, ताटाखाली झाकलेली भाजीपोळी खायची आणि माझ्याशी खेळत बसायची. गाणी नाहीत, चित्रं नाहीत. माझ्या काचेवर फक्त एक ओळ उमटलेली असायची, की यावरून तातडीचाच फोन लागेल. शाळेच्या भिंतीवर एकशे बारा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. एका दुपारी तिनं तो माझ्यावर दाबला.

आणि लागला! माझ्यात सिम नव्हतं, पैसे भरलेले नव्हते, माझा नंबरही उरला नव्हता. तरी कुठल्यातरी लांबच्या शहरातून एक स्वच्छ आवाज आला, "नमस्कार, एकशे बारा. मी आपली काय मदत करू?"

करिष्मा दचकली. "काय नाय," म्हणाली आणि मला उशीखाली कोंबलं.

मी उशीखाली थक्क होऊन पडलो होतो. ज्याला मालकानंही टाकून दिलं, त्याच्या हाकेला कुणीतरी ओ दिली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लावला. मग तिला ते आवडायलाच लागलं. आवाज कधी ताईचा, कधी दादाचा. ती विचारायची, "तुम्ही जेवलात का?" कधी सांगायची, "आज आमच्या शाळेत उंदीर निघाला." पलीकडचे लोक आधी विचारायचे, "बाळा, जवळ कुणी मोठं माणूस आहे का? तू ठीक आहेस ना?" मग समजावून सांगायचे, "हा नंबर संकटातल्या माणसांसाठी आहे हं. आता ठेव." कुणी दरडावायचे. माझ्यावर उलटा फोन करता येत नव्हता, त्यामुळे तिच्या आईवडिलांना कुणी सांगणार तरी कसं?

मग एका दुपारी फोनवर एक ताई होती. ती म्हणाली, "बाळा, लाइन अडते. मी ठेवते आता."

करिष्मानं घाईघाईनं म्हटलं, "नका ना ठेवू! घरात कुणीतरी आलंय. मला भीती वाटतीय."

घरात कुणीच नव्हतं. कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं आणि दोरीवर स्वप्नालीची साडी वाळत होती.

पण त्या ताईचा आवाज क्षणात बदलला. हळू झाला, ठाम झाला. "नाव सांग बाळा. कुठे राहतेस?" करिष्मानं नाव सांगितलं, पुनावळ्यातली, मारुतीच्या देवळामागची चिमाबाईंची शेवटची खोली सांगितली. "खोलीत दुसरं दार आहे का? लपता येईल तिथे लप. मी फोन ठेवत नाही. गाडी निघाली आहे. मी तुझ्याजवळच आहे."

मी आयुष्यात हजारो बोलणी पोहोचवली आहेत. उसनं मागणारी, भांडणारी, लाडात येणारी. पण मी तुझ्याजवळच आहे, हे शब्द इतक्या खरेपणानं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. करिष्मानं मला कानाशी घट्ट दाबलं. आपण काय करून बसलो, ते बहुधा तिला तेव्हाच उमगलं. पण खरं सांगायचा धीर तिला होईना.

थोड्याच वेळात बोळात पोलिसांची गाडी शिरली. शुभदाताई नावाच्या कॉन्स्टेबल काठी घेऊन धावतच आत आल्या. खोली पाहिली, मोरी पाहिली, कॉटखाली वाकून पाहिलं. मग करिष्मासमोर गुडघ्यावर बसल्या.

"कोण आलं होतं गं?"

करिष्मा रडायला लागली. "कुणीच नाय."

दारात चिमाबाई उभ्या होत्या. "आगं माझे बाय! खोटंच बोलावलंस व्हय पोलिसांना?"

शुभदाताईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. काही बोलणार, एवढ्यात बाहेरून चालकानं हाक मारली, "मॅडम, चला! हायवेच्या बाजूला चर ढासळलाय. माणूस आत आहे!"

त्या तशाच पळाल्या. मी त्यांच्या मुठीतून खिशात गेलो. चिमाबाईंचा बोळ इतका अरुंद, की गाडी वळवायला जागाच नव्हती. एक टेम्पो आडवा, पुढे भाजीची गाडी. चालक मागे बघत गाडी रिव्हर्स घेत होता आणि कपाळावर हात मारत होता. "नेहमीच्या जागी चौकात असतो तर आत्तापर्यंत पोहोचलो असतो, मॅडम." शुभदाताईंनी उतरून भाजीची गाडी बाजूला ढकलली.

नव्या इमारतीसाठी ड्रेनेजचा खोल चर खणला होता. त्याची एक कड खाली बसली होती आणि भिवा नावाचा मजूर छातीपर्यंत मातीत रुतला होता. वर माणसांचा गोंधळ. कुणी ओरडत होतं जेसीबी लावा, कुणी दोर टाकत होतं. त्यांच्या पायांनीच कडेची माती आणखी सुटत होती.

"मागे सरका! सगळे मागे! जेसीबी बंद!" शुभदाताईंचा आवाज असा कडाडला, की गर्दी मागे हटली. कुणीतरी दाराची एक फळी आणून कडेला टाकली. त्या तिच्यावर पालथ्या झोपल्या आणि त्यांनी हात खाली सोडला. मी त्यांच्या खिशात, फळी आणि छातीच्या मध्ये दाबला गेलो होतो.

"भाऊ, नाव काय तुमचं?"

"भिवा..."

"भिवाभाऊ, माझा हात धरा. बंब येतोय. गावाला कोण असतं?"

"आई... बहीण."

"बहिणीचं नाव काय? बोलत राहा. मी कुठंही जात नाही."

मी पुन्हा थक्क झालो. फोनवरच्या ताईचं नि यांचं कधी बोलणं झालं असेल का, देव जाणे. पण शब्द तोच होता. एकीनं तो एका खोट्या हाकेला दिला होता, दुसरीनं मातीत रुतलेल्या माणसाला. हाक देणाऱ्याला आधी पारखून बघायची सोयच त्या लोकांना नसते. ते प्रत्येक वेळी अख्खे येतात.

बंब आला. जवानांनी फळ्या लावल्या, टेकू दिले आणि हातांनी, घमेल्यांनी माती काढायला लागले. यंत्र नाही, घाई नाही, आरडाओरडा नाही. एवढी माणसं उभी होती, पण हायवेचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. शुभदाताईंचा हात सुन्न झाला असेल, पण तो खालीच होता. भिवाला वर घेतलं तेव्हा त्याचा एक पाय वाकडा झाला होता, पण तो श्वास घेत होता. गर्दीतला एक माणूस चपला काढून उभा होता. का काढल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी शुभदाताई मला परत द्यायला आल्या. वर्दीवरची माती तशीच होती. स्वप्नाली नुकतीच कामावरून आली होती आणि करिष्मावर हात उगारून उभी होती. शुभदाताईंनी तो हात अलगद खाली घेतला.

करिष्मानं पहिलं विचारलं, "तो काका जिवंत आहे?"

"आहे. पाय मोडलाय."

"मी बोलावलं नसतं, तर तुम्ही लवकर गेला असता?"

शुभदाताईंनी लहान मूल म्हणून खोटं सांगितलं नाही. "हो. लवकर गेलो असतो. तोवर खाली मातीत तो एकटा होता."

करिष्मा त्यांच्या वर्दीवरच्या मातीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मी पण एकटी असते. ती ताई बोलते माझ्याशी."

समाधान शिफ्टवरून येऊन उंबऱ्यात उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि मान खाली घातली. "चुकलं, मॅडम. लेकरू घरात एकलं ऱ्हातंय. पोटापायी दोघंबी बाहेर. काय करावं?"

तेव्हा चिमाबाई फणकारल्या, "म्या काय मेले व्हय? भिंतीला भीत लागून हाय माझं घर. रोज हिला कुलूप उघडून देते, पण बस गं माझ्याजवळ, असं काय मला सुचलं न्हाई. उद्यापासून शाळेतनं थेट माझ्याकडं यील ती."

जाताना शुभदाताईंनी करिष्माला जवळ बसवून सगळं समजावलं. आग लागली, कुणी पडलं, कुणी त्रास दिला, तर घाबरायचं नाही, लगेच एकशे बारा लावायचा. "आज खोटं बोललीस म्हणून खऱ्या वेळेला गप्प बसू नकोस. आम्ही तेव्हाही येऊ."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. भिवा कुबडी घेऊन चालतो असं ऐकलं. माझी बॅटरी फुगली आहे, पाठ उचलली गेली आहे. समाधान मला जुने फोन घेणाऱ्याकडे देऊन टाकणार आहे. तोवर मी खिडकीत पडलेला असतो.

तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा जुना फोन असेल, आणि तो तुम्ही मुलांना खेळायला देणार असाल, तर एवढं ऐका. त्याच्यात आता काही नाही, असं सांगू नका. पलीकडे कोण बसलेलं असतं ते सांगा. आणि जमलं तर मूल शाळेतून येतं तेव्हा त्याच्याशी दोन शब्द बोलायला कुणीतरी असू द्या.

काल संध्याकाळी मुलं बोळात खेळत होती. लांब हायवेवरून सायरन वाजत गेला. गाडी इकडे येणारही नव्हती. तरी करिष्मानं खेळ थांबवला, लहान पोरांना हाताला धरधरून भिंतीशी नेलं आणि सगळा बोळ मोकळा केला. आवाज पार विरेपर्यंत ती सगळी पोरं तिथे, भिंतीला पाठ लावून, मुकाट उभी होती.