वीस पावलं चुकलेली पाटी

मित्रांनो, गॅस कंपनीच्या गौरव साहेबाची एक खोड मला कधीच आवडली नाही. दिवाळी झाली की तो गाडीतून यायचा, रंगाच्या डब्याशी उभ्या माणसाला "हं, मार" म्हणायचा, माझं तोंड पिवळंधमक झालं की मोबाईलवर फोटो काढायचा आणि धूळ उडवत निघून जायचा. उन्हात उभ्या बाईला त्यानं पाणी विचारावं असं माझं म्हणणं नाही. पण "तू इथं कशी?" एवढं तरी विचारावं! नऊ वर्षं मला रंगवलं आणि नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही.

आता मी कोण ते सांगते. कुसगावच्या शिवारात जमिनीखालून गॅसची मोठी लाईन गेली आहे. ती कुठून गेली ते लोकांना कळावं म्हणून वर ठिकठिकाणी पिवळ्या पाट्या रोवलेल्या असतात. त्यांतली मी एक जुनी पाटी. माझं शिक्षण फार नाही. चार ओळी येतात. धोका आहे. खाली गॅसची लाईन आहे. खोदू नये, बांधू नये. आणि शेवटी कंपनीचा फोन नंबर. पण ज्याला चारच ओळी येतात, त्यानं त्या तरी खऱ्या बोलाव्यात, असं माझं मत आहे.

माझा जन्म चाकणच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पत्रा कापला, लोखंडी पाय जोडले, ठिणग्या अंगावर घेतल्या, तोंडावर अक्षरं उमटली. आम्ही बत्तीस बहिणी टेम्पोत बसून मावळात आलो. मला दत्तोबांच्या भाताच्या खाचरात अगदी मधोमध रोवलं आणि पायाशी काँक्रीट ओतलं. कंपनीच्या माणसानं दत्तोबांना सांगितलं, "जमीन तुमचीच. भात लावा, भाजी लावा. फक्त घर नको, झाड नको आणि खोल खड्डा नको." दत्तोबांनी मान हलवली.

तेव्हाचे दिवस मानाचे होते. बहिरू नावाचा डोंगरवाडीचा माणूस रोज लाईनीवरून चालत यायचा. तेच त्याचं काम. कुणी खोदतंय का, कुठं वास येतोय का, बघत चालायचं. लाईन पुरली तेव्हा चर खणणाऱ्यांतही तो होता, त्यामुळं खालची नळी कुठं वळते ते त्याच्या पायांना पाठ होतं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माझ्यापाशी आला की माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "काय म्हातारे, बरी हायेस नव्हं?" मला म्हातारी म्हटलेलं खपत नाही. त्याचं तेवढं खपायचं.

पण खाचरात मधोमध उभं राहणं सोपं नसतं. दरवर्षी चिखलणी करताना दत्तोबांचा पॉवर टिलर माझ्या पायाला अडायचा. शेवटी एका उन्हाळ्यात ते वैतागले. दोन्ही मुलांना हाताशी घेऊन त्यांनी मला काँक्रीटच्या गोळ्यासकट उपटलं आणि वीस पावलांवरच्या बांधावर नेऊन रोवलं. "हितं नीट उभी ऱ्हा," म्हणाले. "रस्त्यावरनं सगळ्यास्नी दिसशील." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना माझी अडचण होती, मला फेकूनही देता आलं असतं. दत्तोबांनी बांधावरची मानाची जागा दिली.

आणि त्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी बहिरू आला. माझ्याकडं बघितलं, मग खाचराकडं बघितलं. "आबा, ही हितं खाली लाईन हाय म्हनती. लाईन तर तितं हाय."

"तुला ठावं हाय ना? मग झालं," दत्तोबा म्हणाले.

"मला हाय. माझ्या माघारी?"

त्याच आठवड्यात गौरव साहेब पहिल्यांदा आला. नवीन होता, तोंडावरचं कोवळेपण गेलं नव्हतं. बहिरूनं त्याला माझ्यासमोर उभं करून सांगितलं, "साहेब, पाटी हललीया. वीस पावलं." साहेब फोनवर बोलत होता. त्यानं मान डोलावली, अंगठा दाखवला. झाली नोंद!

पुढं दत्तोबा वारले. कंपनीनं नवा ठेकेदार नेमला, त्यानं गुडघे दुखणाऱ्या बहिरूला घरी बसवलं. नवी मुलं मोटारसायकलवरून येत, पाटीपासून पाटीपर्यंत भुर्रकन जात. खाचरावरून कुणी चालतच नव्हतं. मग एके दिवशी दत्तोबांचा नातू सत्यम माझ्यापाशी आला, माझ्या तोंडावरचा नंबर मोबाईलमध्ये घातला आणि कंपनीला फोन लावला. त्याला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या होत्या, मागच्या बाजूला स्वतःचं घर. मित्रांनो, मला त्या पोराचं कौतुक वाटलं. विचारून बांधणारी माणसं लोणावळ्याच्या आसपास किती, ते मी रस्त्याकडं तोंड करून मोजलेलं आहे.

गौरव साहेब आला. जमिनीखालची लाईन शोधायचं यंत्र त्याच्या गाडीत मागच्या सीटवर डब्यात होतं. ऊन कडक होतं. यंत्र डब्यातच राहिलं. त्यानं टेपचं टोक माझ्या पायाशी धरलं आणि सत्यमला खाचरात पाठवलं. "चौदा मीटर! सुटताय तुम्ही. बिनधास्त बांधा." आठवड्यात तसं पत्रही आलं.

मी ओरडत होते, पण माझ्या चार ओळींत 'मी चुकीच्या जागी आहे' ही ओळ नव्हती.

सत्यमची आज्जी लीलाबाई, म्हणजे दत्तोबांची बायको, एकदा म्हणालीसुद्धा, "सत्यम, लाईन नक्की कुटनं गेली रं?" तो म्हणाला, "आज्जे, साहेबानं लिवून दिलंय." ती तांदूळ निवडायला लागली. शिकल्यासवरल्याचा कागद आहे, त्याला ठाऊक असणार, असं तिला वाटलं. शिवाय गेलेल्या नवऱ्याचं नाव कोण पुढं करतं?

खाचर सखल होतं, म्हणून मुरूम भरून वर जोतं उचललं. खोल खणावं लागलं नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही. सत्यमची बायको चैताली जिथं सकाळी चहा ठेवायची, बरोबर तिथून खाली लाईन जात होती.

यंदाच्या मे महिन्यात संडासाच्या टाकीसाठी जेसीबी आला. ही टाकी चांगली पुरुषभर खोल. चालवणारा आकाश नावाचा मुलगा, गाणी लावून काम करणारा. वरचा मुरूम त्यानं दोन घासांत उचलला. नेमका त्याच वेळी बहिरू डोक्यावर करवंदांची टोपली घेऊन लंगडत आला. पर्यटकांना विकावीत म्हणून. दोन वर्षांत तो इकडं फिरकला नव्हता. त्यानं जेसीबी बघितला, त्यापुढचं घर बघितलं, आणि करवंदं तिथंच टाकून तो खड्ड्यात उतरला.

"ए बाबा, मरायचं असंल तर दुसरीकडं मर!" आकाश ओरडला.

"आरं, तू बी मरशील, येडपटा! बंद कर ते!"

सत्यम धावत आला. "बहिरूभाऊ, हटा बरं. लाईन तिकडं हाय, पाटी बघा की."

"पाटी तिकडं हाय. लाईन माझ्या पायाखाली हाय. म्या सोता पुरलीया."

"साहेबाचं पत्र हाय माझ्याकडं!"

"पत्र घेऊन उतर मग खाली. दोघं बसू."

सत्यम हसायला गेला आणि थांबला, कारण लीलाबाई पदर खोचून दारात आली होती. "खरं हाय त्याचं. तुज्या आज्यानं हलवली पाटी. टिलरला आडवी यायची म्हनून. मला ठावं हुतं, सत्यम. म्या बोलले न्हाई."

आकाशनं गाणं बंद केलं. मग इंजिन.

सत्यमनं पुन्हा माझ्यावरचा नंबर लावला. गौरव साहेब तासाभरात आला. या वेळी यंत्र डब्यातून बाहेर निघालं. खड्ड्याच्या तळापाशी ते किंचाळलं, जोत्याच्या कडेला किंचाळलं, आणि चैतालीच्या ओट्यासमोर तर थांबेचना. साहेबानं ते दोनदा बंद करून पुन्हा लावून बघितलं. मला वाईट वाटलं त्याचं, खोटं कशाला सांगू? एवढी लांबलचक लाईन आणि ती बघायला कंपनीची माणसं चार. त्यानं गॅसचा दाब कमी करायला सांगितलं, घर रिकामं करायला सांगितलं. ते त्यानं चटकन आणि नीट केलं.

चैताली डबे बाहेर आणून अंगणात मांडत होती. घर पाडावं लागणार हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग साहेबानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "जमीनमालकाच्या कुटुंबाने पाटी परस्पर हलवून लाईनवर बेकायदा बांधकाम केले..."

"साहेब, मी विचारून बांधलं," सत्यम म्हणाला. त्यानं ते पत्र पुढं धरलं, साहेबानं न बघताच बाजूला सारलं. साहेबाच्या कागदानं घरही जाणार होतं आणि केसही लागणार होती.

बहिरू पुढं आला. "साहेब, पाटी हलली तवा म्या तुमाला सांगितलं हुतं."

"लेखी दिलं होतं का?"

"मला लिवाय येत असतं, तर तुमच्याकडं लाईनीवर चाललो असतो का?"

साहेबानं मान खाली घातली, पण पेन थांबलं नाही.

मित्रांनो, पाटीनं बोलू नये अशी रीत आहे. पण तुमच्या घरापाशी माझी एखादी बहीण उभी असेल, तर तिला हलवू नका, आणि हलवलीच असेल तर लाज न धरता सांगून टाका. लीलाबाईनं सांगितलं, म्हणून आज पाच माणसं जिवंत आहेत. ज्यानं सांगायचं त्यानं सांगितलं. ज्यानं ऐकायचं होतं, त्याच्याशी मात्र मला बोलणं भाग पडलं. मी पहिल्यांदाच माझ्या चार ओळींपलीकडचं मोठ्यानं बोलले, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं:

"गौरव, पेन थांबव. दत्तोबा चुकला, ही लीलाबाई चुकली, म्या बी नऊ वर्सं खोटं बोलत उभी ऱ्हायले. पर आमी कुनी ह्या लाईनीचा पगार खात न्हवतो. ह्या पोरानं फोन करून जागा इचारली, ती तू दावलीस, यंत्र गाडीत ठिवून. तवा त्याचं नाव खोड, आन् त्या कागदावर पयलं नाव तुजं लिव."