यादीत नसलेली धर्मशाळा

धर्मशाळेची शेवटची भिंत पडली त्या दिवशी मी रडेन असं सगळ्यांना वाटत होतं. सारिका, माझी सून, दुपारपासून दोनदा बघून गेली. मला काही झालं नाही. लग्नघरी आचाऱ्याकडे बघत बसावं, तशी मी समोरच्या पायरीवर बसून जेसीबीकडे बघत होते.

त्या धर्मशाळेच्या जिन्याखाली बत्तीस वर्षं माझं फॉल-पिकोचं मशीन होतं. शेजारच्या गाळ्यात हबीबभाई घड्याळं दुरुस्त करायचे. इमारतीचं सुतारकाम त्यांच्या आजोबांचं, त्याला शंभरावर वर्षं झाली. जळगावच्या बाजारातलं बाकी जुनं एकेक करून गेलं. थिएटर गेलं, तिथं सोन्याचं दुकान आलं. जुनी पेढी गेली, तिथं तीन वर्षं नुसता खड्डा आहे. उरली होती आमची धर्मशाळा आणि समोरची कापसाची कचेरी.

आता ऐका माझा शहाणपणा. दहा वर्षं आम्हाला नोटिसा यायच्या, इमारत जुनी आहे, धोकादायक आहे, खाली करा. म्हणून कोणी कागद-पेन घेऊन दिसलं की आम्ही भाडेकरू एकच पाढा म्हणायचो, "कसली जुनी? काल-परवाची तर आहे!" दारावरच्या दगडात साल कोरलेलं होतं, त्यावर मी माझ्या हातानं सिमेंट थापलं. जिभेला तेच वळण पडलं.

दीड वर्षापूर्वी दोन पोरी फॉर्म घेऊन आल्या. हबीबभाई नमाजला गेले होते.

"अक्का, इमारत किती जुनी?"

मी मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. "माझ्या लग्नाच्या वेळची. चाळीसेक वर्षं."

"नक्की?"

"अगं, माझ्या डोळ्यांदेखत बांधली!"

त्यांनी लिहिलं, माझी सही घेतली. वर मीच म्हटलं, उन्हाच्या फिरू नका गं. फार शहाणी ना मी!

महिन्याभरानं कळलं, शहरातल्या जुन्या इमारतींची यादी होत होती. शंभर वर्षांवरची तिच्यात, आणि तिच्यातली कोणाला पाडता येणार नाही. समोरच्या कचेरीला निळी पाटी लागली. आम्ही यादीत नाही. सुरतेला राहणारे मालक तर विकायला टपूनच बसले होते.

हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. मी विचारून आले, तर म्हणे इमारतीची माहिती असलेला जुना माणूस साक्षीला आणा. म्हणजे हबीबभाई. पण त्यांना न्यायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागणार. माझ्या जिवावर आलं. आज सांगते, उद्या सांगते करता करता मुदत गेली. ते रोज म्हणायचे, "कसं राहून गेलं हो आपलं?" मी सुईत दोरा ओवत बसायचे. आधी लाज वाटायची, पुढे पुढे तीही वाटेनाशी झाली.

पाडायला चार दिवस लागले. धुळ्याकडचा एक मजूर खांब बघून ओरडला, "माय वो, बठ्ठं सागवान शे!" खरंच, सगळं सागवानच होतं. लोक म्हणत होते, केवढी मजबूत होती. चौथ्या दिवशी हबीबभाई माझ्याशेजारी येऊन बसले, तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"हबीबभाई, चाळीस वर्षं म्हणून मी लिहून दिलं होतं. माझ्यामुळे गेली."

ते जेसीबीकडेच बघत होते. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्या पोरी खात्री करायला परत आल्या होत्या. तुम्ही मुक्ताईनगरला लग्नाला गेला होतात. तुमची सही दाखवून म्हणाल्या, बरोबर आहे का?"

"मग?"

"मग काय! बाईंनी काहीतरी विचार करूनच सांगितलं असेल म्हटलं. तुम्हाला खोटं कसं पाडू? मी खाली सही केली."

"आणि हरकतीचे पंधरा दिवस?"

"गेलो असतो तर तुमचंच नाव निघालं असतं."

मला त्यांचा असा राग आला, की हात उचलावासा वाटला. मग तोही गेला.

"एकदा मला खोटारडी म्हणाला असतात," मी म्हटलं, "तर आज आपण आत बसलो असतो."

"हो," ते म्हणाले.