बोनेटचं कुलूप

न्हावऱ्याच्या बायकांच्या बचत गटाला समाजकल्याणच्या योजनेतून मिनी ट्रॅक्टर मिळाला, त्या दिवशी विहारापुढच्या मोकळ्या जागेत शोरूमचा माणूस आला. चालवायचं कसं हे त्यानं थोडक्यात आटोपलं, पण उघडायचं कसं यावर तो बराच वेळ रेंगाळला. आधी चावी बंद, इंजिन गार. मग पुढची कळ ओढायची, बोनेट वर घ्यायचं, दांडीचा टेकू द्यायचा, बाजूचे पत्रे उचलून काढायचे. रेडिएटरपुढची जाळी बाहेर ओढून झटकायची.

"मोठ्या ट्रॅक्टरला दम असतो," तो म्हणाला. "हे लहान लेकरू हाय. ह्याचं नाक चोंदलं की हे तापणारच. रोज संध्याकाळी नाक साफ करायचं."

बायका हसल्या. माया पुढे झाली आणि तिनं स्वतःच्या हातानं बोनेट उघडून, जाळी काढून, परत बसवून पाहिली. गटातल्या नकुशीलाही करायला लावलं.

माया ही जाईबाईंची थोरली सून आणि जाईबाई गटाच्या अध्यक्ष. जाईबाईंचा धाकटा मुलगा नवनाथ रांजणगावच्या एका कंपनीत कामगारांची बस चालवायचा. तो त्या दिवशी ड्यूटीवर होता. संध्याकाळी आला, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि सीटवर बसला. "नवनाथ हाय म्हणल्यावर काळजीच न्हाई," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली. चावी त्याच्याकडं गेली ती अशी. कुणी दिली नाही, कुणी मागितली नाही.

सुट्टीच्या दिवशी तो उसाच्या रानात ट्रॅक्टर न्यायचा, बाकीचे दिवस माया चालवायची. तिला चांगलं जमायला लागलं होतं. पुढं शेजारच्या वस्तीवर कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी चोरीला गेली. नवनाथनं लगोलग बोनेटला कडी-कोयंडा वेल्डिंग करून घेतला आणि कुलूप घातलं. त्याची किल्ली बसच्या चाव्यांच्या जुडग्यात अडकवली.

"भावजी, जाळी साफ करायची झाली तर?" मायानं विचारलं.

"मी करतो की. तुम्ही आत हात घालू नका, वहिनी. पंख्यात पदर गेला म्हंजी केवढ्याला पडंल."

म्हणजे भाकरी हिनं थापायची आणि पिठाचा डबा मात्र दुसऱ्याच्या ताब्यात. मायाच्या मनाला ते लागलं. नवऱ्यापाशी, महेंद्रपाशी, तिनं विषय काढला, तर तो म्हणाला, "त्यो ड्रायव्हर हाय, त्याला कळतंय. तू कशाला वाद घालती?" तिनं विषय सोडला. पण रोज संध्याकाळी ट्रॅक्टर अंगणात लावताना तिची नजर त्या कुलपावर जायची आणि जीभ कडवट व्हायची.

दिवाळी झाली आणि कांद्याच्या लागणीची घाई सुरू झाली. इनामगावात नदीकडच्या बाजूला पोपटरावांचं रान होतं. तिथं रोटर मारून माती भुसभुशीत करायला माया आणि नकुशी सकाळीच गेल्या. पोपटराव बांधावर छत्री घेऊन उभे होते. रोप उपटून तयार होतं, मजूर बायका दुपारून यायच्या होत्या.

निम्मं रान झालं आणि तापमानाचा काटा चढायला लागला. मायानं ट्रॅक्टर थांबवला, इंजिन हळू केलं. काटा काही खाली येईना. तिनं नवनाथला फोन लावला. पहिल्यांदा त्यानं उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला.

"भावजी, काटा लाल रेघंला टेकलाय. आत बगायला पायजे. किल्ली तुमच्याकडं."

"काट्याचं काय घेऊन बसलाय. त्यो सेन्सर खराब हाय, मला बी तसंच दावतो. हाणा तुम्ही."

"नक्की?"

"अवो, हाणा म्हणतो ना. मी गाडीवर हाय, ठेवू का?"

पोपटराव बांधावरून ओरडून विचारत होते, मधीच का थांबली म्हणून. मायानं रोटर खाली सोडला. आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील. बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, मागोमाग धुराड्यातून पांढरा धूर, आणि ट्रॅक्टर आचका देऊन बंद पडला. नकुशी धावत आली. दोघी कुलपाकडं पाहत उभ्या राहिल्या. आत काहीतरी उकळत होतं आणि त्या दोघींना पत्रासुद्धा उचलता येत नव्हता.

पोपटराव ढेकळं तुडवत आले. त्यांनी ट्रॅक्टरकडं पाहिलं, मग या दोघींकडं.

"फुकटात मिळालं की असंच व्हतं बग," ते म्हणाले. "घामाचं असतं तर जपलं असतं. तुमच्या लोकांना..." पुढचं त्यांनी गिळलं, पण जेवढं बोलले तेवढं पुरे होतं.

मायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, ह्या रानात ठिबक हाय. त्याला सबशिडी मिळाली का न्हाई?"

"ती शेतकऱ्याच्या हक्काची असती."

"मग ह्यो बी आमच्या हक्काचा हाय. आमचा हिस्सा भरून घेतलाय. बायांनी दुसऱ्याची खुरपणी करून भरलाय त्यो."

"मी आपलं सहज बोललो," पोपटराव म्हणाले आणि दुसरीकडं पाहू लागले.

उत्तर चोख होतं. पण त्यांच्या पुढ्यात ट्रॅक्टर धूर सोडत मेल्यासारखा उभा होता, म्हणून त्या उत्तराला वजन येत नव्हतं, हे मायाला कळत होतं. असं कुणीतरी एक दिवस बोलणार, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तर ती ट्रॅक्टर रोज धुवायची, टायरमधला चिखल काडीनं काढायची. आणि नवनाथनं त्या माणसाच्या तोंडात ते वाक्य आयतं आणून ठेवलं होतं. पोपटरावांपेक्षा तिला त्याचा जास्त राग आला.

"मामा, पहार हाय का मोटारीच्या खोलीत?"

पहार आली. इंजिन गार होईपर्यंत ती बांधावर बसून राहिली. मग तिनं पहारीचं टोक कोयंड्यात घातलं आणि सगळा भार टाकला. वेल्डिंग तुटलं, जरा पत्राही फाटला. नकुशीनं कळ ओढली, दोघींनी बोनेट वर घेऊन टेकू दिला.

आतलं पाहून नकुशीनं तोंडावर हात ठेवला. रेडिएटर आणि जाळी यांच्यामध्ये उसाचं पाचट ठासून भरलं होतं, गादीत कापूस भरावा तसं. वरच्या कोपऱ्यात उंदरानं कांद्याच्या गोणीचे लाल धागे आणून घर केलं होतं. हवेच्या फिल्टरखालची तेलाची वाटी मायानं सोडवली, तर तेलाचा गाळ होऊन तो वाटीला चिकटून बसला होता. रेडिएटरच्या पाण्याची बाटली कोरडीठाक.

"ही जाळी तर कुलूप लावल्यापासून कुणी उघडलीच न्हाई," नकुशी म्हणाली.

माया पाचट उपसत राहिली. पाती बोटांत शिरत होती आणि तिला त्याचं बरं वाटत होतं.

ड्यूटी सुटल्यावर नवनाथ मोटारसायकलवरून आला. कंपनीचा निळा शर्ट तसाच अंगात होता. गाडी स्टँडला लावता लावता त्यानं पहिलं काय विचारलं असेल, तर "कुलूप कुणी तोडलं?"

मायाच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण पोपटराव विहिरीच्या कट्ट्यावर बसून होते, कान इकडं लावून. त्यांच्यापुढं घरचं माणूस उघडं करायचं तिच्या जिवावर आलं, आणि एवढं सांभाळून घ्यावं लागतंय याचीही तिला चीड आली.

"मामा, तुम्ही जावा घरी," ती म्हणाली. "राहिलेलं रान उद्या दुसऱ्याकडनं करून घ्या. आम्ही आमचं बघतो."

ते गेल्यावर ती नवनाथकडं वळली. "भावजी, इंजिनचं ऑइल बगायची काडी काढून दावा."

"आता त्याचं काय..."

"काढा."

नवनाथ वाकला. त्याचा हात डिझेलच्या फिल्टरवर गेला, तिथून एका नळीवर, मग पट्ट्यापाशी येऊन थांबला. काडी त्याला सापडेना. नकुशी काही बोलायला गेली, मायानं तिला हातानं अडवलं.

"येत न्हाई तुम्हाला," माया म्हणाली.

त्यानं पट्ट्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "बसगाड्यांना कंपनीत मेकॅनिक असतात, वहिनी. आम्ही निस्तं चालवतो. पयल्याच दिवशी समदी म्हणाली, नवनाथ हाय म्हणल्यावर काळजी न्हाई. मंग कुठल्या तोंडानं इचारायचं?"

"मला येत व्हतं की. मला इचारायचं."

"तुम्हाला येतंय म्हणूनच तर कुलूप घातलं." तो म्हणाला. "तुम्ही उघडलं असतं तर मला कळत न्हाई हे दिसलं असतं."

खरं तर इथं मायाला त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही असेल. पण तिच्या डोळ्यांपुढं नकुशीचा खुरप्यानं सोललेला हात आला, बांधावरचे पोपटराव आले, आणि फोनवरचं ते "हाणा म्हणतो ना" आलं.

"तुमची लाज राखायला दहा बायांचा ट्रॅक्टर जाळला तुम्ही," ती म्हणाली. "आन् वर मला पदराचं सांगत व्हता."

नवनाथनं मोटारसायकल काढली आणि तो निघून गेला. ट्रॅक्टर ओढून न्यायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागला, तोही मायानंच बोलावला.

घरी महेंद्रनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झालं ते झालं. घरातली गोष्ट इहारात न्यायची गरज न्हाई."

"ट्रॅक्टर घरातला न्हाई," माया म्हणाली. "घरातला म्हणून वापरला, म्हणूनच ही पाळी आली." त्या रात्री तिनं त्याचं ताट वाढलं आणि त्याच्या समोर न बसता जाईबाईंच्या खोलीत जाऊन जेवली.

विहारातल्या गटाच्या बैठकीत ती उभी राहून बोलली. नवनाथला येत नव्हतं, हे तिनं सांगितलं नाही. साफसफाई झाली नाही आणि किल्ली एकाच माणसाकडं होती, एवढंच सांगितलं. बायका जाईबाईंकडं पाहायला लागल्या. मुलगा त्यांचा, अध्यक्ष त्या. जाईबाईंनी पदरानं चष्मा पुसला.

"किल्ली त्याच्याकडं गेली तवा मी तिथंच व्हते," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू म्हणून मी बोलले न्हाई. दुसरीचं असतं तर बोलले असते. आता त्यो ट्रॅक्टरला हात लावणार न्हाई. कुलूप राहू द्या, चोर काय संपलं न्हाईत. पण किल्ली जी चालवंल तिच्याकडं."

दुरुस्तीला ट्रॅक्टर पारगावच्या पुलावरून वरवंडला, हायवेकडच्या एका गॅरेजात न्यावा लागला. इंजिनचं हेड खोललं तर गॅस्केट फाटलेलं आणि हेडही वाकलेलं. मिस्त्री मायाशी न बोलता, टो करून आणणाऱ्या ड्रायव्हरला सांगत होता.

"हिकडं सांगा," माया म्हणाली. "मालक आम्ही हाय."

मिस्त्रीनं तिच्याकडं पाहिलं आणि पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली. तिनं त्याला मध्ये मध्ये अडवून विचारलं, जुनं गॅस्केट हातात घेऊन पाहिलं. सुटा भाग पुण्याहून यायला वेळ लागला. तोवर कांद्याची लागण उरकली. गटाची ठरलेली सगळी रानं दुसऱ्यांनी केली. रोज सकाळी मोठाले ट्रॅक्टर वस्तीवरून धडधडत जायचे आणि माया भांडी जोरात आपटायची. गटातल्या गीताबाईला तर हंगामभर लोकांच्या खुरपणीला परत जावं लागलं. ती मायाला एक शब्द बोलली नाही, आणि मायाला ते जास्त झोंबलं.

नवनाथ घरात असून नसल्यासारखा वागायचा. वाढलेलं जेवायचा, ताट उचलून मोरीत ठेवायचा आणि निघून जायचा. मायानंही त्याला हाक मारली नाही.

ट्रॅक्टर परत आला तेव्हा गव्हाला पाणी सुरू झालं होतं. आता रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बोनेट उघडून जाळी झटकायचं. एका रविवारी माया धुणं घेऊन आली, तर नकुशी अंगणात ट्रॅक्टरपाशी उभी होती आणि नवनाथ शेजारी वाकून आत पाहत होता. नकुशी बोटानं एकेक दाखवत होती. मायाला पाहताच तो सरळ झाला, हात शर्टाला पुसले आणि बाहेर निघून गेला.

माया धुण्याची बादली आदळत घरात गेली. "नकुशीला इचारतोय," ती जाईबाईंना म्हणाली. "मी घरात असताना. मला इचारायला काय झालं व्हतं?"

जाईबाई लसूण सोलत होत्या. "तुला भितो त्यो."

"भिऊ द्या."

"आजून किती दिस राग धरणार हायस?"

मायानं खुंटीवरचा शर्ट साडीवर चढवला. शिरूर रस्त्याकडच्या एका रानात मक्याची मशागत ठरली होती. "माझा राग मला धरू द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "त्यानं शिकू द्या. नकुशी नीट शिकवती."

बाहेर येऊन तिनं नकुशीला मागं बसायला सांगितलं, ऑइल पाहिलं, पाणी पाहिलं आणि ट्रॅक्टर सुरू केला.