ताईची साक्ष

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात ताई बावीस वर्षं चादरींना इस्त्री करत होती. वरच्या मजल्यांवर तिला कुणी ओळखत नसे. चादर स्वच्छ असली तर कुणाच्या लक्षातही येत नसे. डाग राहिला की मात्र खाली फोन खणखणलाच.

नवरा सोडून गेला त्या वर्षी तर आपण असलो काय नि नसलो काय, सारखंच, असं तिच्या मनाने घेतलं होतं. अशाच एका दुपारी ती मुलांच्या वॉर्डातली छोटी चादर इस्त्री करत होती. एकाएकी वाटलं, कुणीतरी बघतंय. वळून पाहिलं तर वाफेशिवाय काही नाही. मग तिला उमजलं. लहानपणापासून जेवायच्या आधी सवयीने ज्याचं नाव घेतलं, तो प्रभू आपले भाजलेले हात बघतोय. चादरीत तोंड खुपसून ती पोटभर रडली आणि तीच चादर पुन्हा धुवायला टाकली.

हे तिने एकालाच सांगितलं, धाकट्या भावाला. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं. आता तो चर्चचा पाळक होता. "माझ्यापाशीच राहील, ताई," तो म्हणाला होता.

आणि एका रविवारी तो उपदेशाला उभा राहिला. "बंधुभगिनींनो, शिकत असताना मी एका धुलाईखान्यात कामाला होतो..."

बाकावर बसलेल्या ताईने चमकून मान वर केली. वाफ, वळून पाहणं, भाजलेले हात, सगळं शब्दाला शब्द. चादर पुन्हा धुवायला टाकली, तेही त्याने सोडलं नाही. तिथे लोक हसले, मग डोळे पुसू लागले.

बाहेर पडताना एका म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात धरला. "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं हो!"

ताईने मान डोलावली. करणार काय?

मागच्या खोलीत तो झगा उतरवत होता.

"धुलाईखान्यात कधी पाऊल तरी टाकलंयस का रे?"

तो गोरामोरा झाला. "किती जणांना धीर आला, बघितलंस ना?"

"मग माझं म्हणून सांगायचंस."

"अगं, इस्त्रीवालीचं कोण एवढं मनावर घेतं?"

तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. ताई दाराची कडी धरून उभी राहिली. परक्याने म्हटलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं.

"ज्याने घ्यायचं त्याने घेतलं होतं," ती म्हणाली. "तिथे तू नव्हतास."

आठवडाभर तिला प्रार्थना जमेना. तोंड उघडलं की भावाचाच आवाज कानात घुमे. स्वतःचेच शब्द उष्टे वाटत. शुक्रवारी काम करता करता ती मोठ्याने बोलली, "प्रभू, मी त्याला माफ केलेलं नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

पलीकडची बाई दचकली. "कुणाशी बोलताय?"

"आहे एकजण. माझं ऐकतो."

शनिवारी भावाचा फोन आला. "ताई, उद्यासाठी काही सुचत नाहीये गं. तू काही..."

"गुडघे टेक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चला गेली. दारातल्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कुणाकडच्या?"

पाळकसाहेबांची बहीण, हे ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"कुणाकडची नाही. माझी मी आलेय," असं म्हणून ती आत जाऊन बसली. भावाचं बोलणं अजून झोंबत होतं, पण गाणं सुरू झालं तेव्हा तिने मोकळ्या गळ्याने सूर लावला.