लहर मोजायचं यंत्र

धावड्याच्या टेलिफोन एक्स्चेंजची खोली काकासाहेबांच्या मालकीची, आणि काकासाहेब म्हणजे एक नंबरचे लहरी. त्या दुपारी टेलिफोनवाला त्रिंबक नव्या फायबर केबलवर यंत्र जोडून घामाघूम होऊन बसला होता. काकासाहेबांच्या पत्नी चतुराबाई चहा घेऊन आल्या.

"काय मोजून राह्यला, भाऊ?"

"लेसरचा उजेड, काकू. डोळ्याला दिसत न्हाई, पण त्याची लहर किती लांब, ते हे यंत्र बराबर सांगतं. आज लेसर तापला, म्हणून लहर सरकून राह्यली."

"तापलं की लहर फिरते? हे तर आमच्या घरचंच दुखणं!"

त्यांनी झोपलेल्या नवऱ्यापुढचा टेबलफॅन उचलून आणला आणि लेसरपुढं ठेवला. थोड्या वेळात आकडा जागेवर थांबला.

तेवढ्यात काकासाहेब तणतणत आले. "माझा पंखा कोणी नेला? आजच्या आज खोली खाली करा!"

त्रिंबकनं गुमान पंखा त्यांच्याकडं वळवला. काकासाहेब खुर्चीत टेकले, चहा प्याले अन् "राहू द्या खोली" म्हणाले. यंत्रावरचा आकडा पुन्हा पळायला लागला.

"पंखा एकच हाय, भाऊ," चतुराबाई म्हणाल्या. "कोणाची लहर सांभाळायची, ते तुम्ही ठरवा."